दातांच्या तारा: दोन वर्षं का लागतात आणि घाई केली तर काय बिघडतं

पत्र: "माझी मुलगी १३ वर्षांची आहे, आठवीत शिकते. आम्ही भांडुपला राहतो. तिचे वरचे दात दाटीवाटीने आलेत, डावा सुळा हिरडीत वर चढून बसलाय आणि पुढचे दात जरा बाहेरही आहेत. डॉक्टरांनी धातूच्या ब्रेसेस सुचवल्या. त्यासाठी वरचे दोन आणि खालचे दोन चांगले दात काढावे लागतील, दीड ते दोन वर्षं लागतील, असं ते म्हणाले. कागदावर 'वर ८ मिलिमीटर जागा कमी' असं लिहिलंय. सासूबाईंचं म्हणणं, वरचे दात काढले की डोळ्यांवर परिणाम होतो. शेजारच्या ताई सांगतात, तारा घट्ट करून घेतल्या तर वर्षात काम होतं, दहावीच्या आत पोरगी मोकळी. मला मुळात हेच कळत नाही की एवढ्याशा तारेने हाडातला दात सरकतो कसा? आणि सरकलाच, तर तो हलका होऊन पडणार नाही का?" — एक आई, भांडुप

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि त्याभोवतीचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. तारेचा हलका दाब सतत येत राहिला की मूळ ज्या बाजूला रेलतं तिथे हा पडदा दबतो, आणि दोन-तीन दिवसांत हाड विरघळवणाऱ्या पेशी तिथे कामाला लागतात. उलट बाजूला तंतू ताणले जातात, तिथे नवं हाड घालणाऱ्या पेशी जागतात. पुढची भिंत झिजते, मागची भरून येते आणि दात आपल्या खोबणीसकट पुढे जातो. तार फक्त दिशा देते आणि दाब टिकवून धरते. खरं काम तुमच्या मुलीचं हाडच करतं.

म्हणून उपचार चालू असताना दात थोडे हलतात. पडदा रुंदावलेला असतो आणि मागचं नवं हाड अजून कोवळं असतं. हे अपेक्षितच आहे, दात जागेवर स्थिरावले की ते पुन्हा घट्ट होतात. मात्र एकच दात बाकीच्यांपेक्षा खूप जास्त हलत असेल किंवा चावताना सारखा आदळत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

आता 'घट्ट करून घ्या' या सल्ल्याकडे येऊ. तो मनापासून दिलेला आहे, पण उलटा बसतो. दात नुसता कलता करायला साधारण ३५ ते ६० ग्रॅम दाब पुरतो, म्हणजे एका मध्यम लिंबाच्या वजनाइतका. मुळासकट उभाच्या उभा सरकवायला ७० ते १२० ग्रॅम लागतात. हिरडीच्या दिशेने आत ढकलायचा असेल तर १० ते २० ग्रॅम पुष्कळ झाले. यापेक्षा जास्त जोर लावला की तो पडदा चिरडला जातो, तिथलं रक्त थांबतं आणि पेशी मरतात. मग हाड विरघळवणाऱ्या पेशींना समोरून येता येत नाही, त्या हाडाच्या आतल्या बाजूने पोखरत येतात. त्यात दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ जातो. तेवढे दिवस दात जागचा हलत नाही, दुखतो मात्र भरपूर. शिवाय अशा जोराने मुळांची टोकं झिजण्याचा धोका वाढतो, आणि मुळाची झिजलेली लांबी परत येत नाही. थोडीशी झीज बहुतेकांना होते आणि ती त्रास देत नाही. ती मर्यादेत आहे ना, हे पाहायला उपचार सुरू झाल्यावर सहा-नऊ महिन्यांनी एक एक्स-रे काढतात. तो टाळू नका.

चार ते सहा आठवड्यांनीच का बोलावतात, याचंही उत्तर यातच आहे. हाड झिजायला आणि भरायला तेवढा अवधी द्यावा लागतो. दर आठवड्याला जाऊन तार आवळून घेतली तर जखम भरायच्या आत पुन्हा तिथेच दाबल्यासारखं होईल.

दातावर चिकटवतात तो चौकोनी तुकडा म्हणजे ब्रॅकेट. त्यात एक आडवी खाच असते, ०.०२२ इंच किंवा ०.०१८ इंच रुंदीची. या खाचेतून तार जाते, आणि ती निसटू नये म्हणून प्रत्येक ब्रॅकेटवर बारीक रबरी कडं चढवतात. मुली हौसेने रंग निवडतात ते याचेच. दाढांवर ब्रॅकेटऐवजी नळी चिकटवतात किंवा धातूचं कडं बसवतात. कडं बसवायचं असेल तर आधी पाच-सात दिवस दाढांच्या फटीत छोटी रबरी रिंग अडकवून जागा करतात. अनेक मुलांना पहिल्या दिवशीच्या ब्रेसेसपेक्षा ही रिंगच जास्त टोचते, तेव्हा त्या आठवड्यात मऊ भात-वरण असू द्या.

ब्रॅकेट चिकटवताना इंजेक्शन लागत नाही, ड्रिलही लागत नाही. दात पुसून स्वच्छ करतात, ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचा जेल १५ ते ३० सेकंद लावून धुतात आणि दात सुकवतात. तो खडूसारखा पांढरट दिसला की चिकटद्रव्य लावून ब्रॅकेट ठेवतात आणि निळ्या उजेडाने घट्ट करतात. यात महत्त्वाचं एवढंच की दात त्या वेळी पूर्ण कोरडा हवा. थुंकी लागली की तो ब्रॅकेट पहिल्याच आठवड्यात निघतो. मुलीला सांगून ठेवा, त्या तासाभरात तोंड उघडं ठेवून जीभ आवरायची आहे. आणखी एक गोष्ट: ब्रॅकेट जितका वाकडा बसेल तितकाच दात वाकडा येतो. म्हणून मधेच एखादा ब्रॅकेट काढून पुन्हा चिकटवला, तर डॉक्टरांची चूक झाली असं लगेच समजू नका. दात हिरडीतून पुरता बाहेर आल्यावर किंवा ओळीत आल्यावर जागा नीट दिसते, तेव्हा ही दुरुस्ती करावीच लागते. तिच्या वर चढलेल्या सुळ्याच्या बाबतीत तर ती जवळपास ठरलेलीच धरा.

पहिली तार निकेल-टायटॅनियमची, गोल आणि बारीक, बहुधा ०.०१४ इंचाची असते. निटिनॉल नावाचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास हाताला लागला, आणि १९७० च्या दशकात तो दातांच्या तारांत आला. तो कितीही वाकवला तरी हळूहळू मूळच्या आकाराकडे परततो आणि परतताना दाब जवळजवळ सारखाच ठेवतो. वाकड्या दातांमधून वाकडीतिकडी ओवलेली तार महिनाभर सरळ व्हायचा प्रयत्न करत राहते, तिच्याबरोबर दातही रांगेत येतात. बारीक तारेनेच सुरुवात का, तर गोल तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.०१४ ऐवजी त्याच धातूची ०.०१८ ची तार घातली तर ताठपणा जवळजवळ पावणेतीनपट होतो. डोळ्यांना फरक दिसतही नाही, हाडाला कळतो. म्हणून पायरी-पायरीने जाड गोल तार, मग चौकोनी, आणि शेवटी, खाच ०.०२२ ची असेल तर, ०.०१९ बाय ०.०२५ इंचाची स्टीलची. गोल तार दाताचा हिरडीबाहेरचा भाग ओळीत आणते, पण ती खाचेत गोल फिरू शकते, त्यामुळे मुळाचा कल तिच्या हातात नसतो. तो चौकोनी तारच सांभाळते. सहाव्या महिन्यात आरशात दात सरळ दिसू लागतात आणि घरात 'झालं की आता, काढून टाका' सुरू होतं, तेव्हा मुळं अजून तिरकी असतात. इथे तारा काढल्या तर दात परत फिरतात.

तुमच्या कागदावरच्या आकड्यांवरून हिशेब मांडून पाहा. वरच्या जबड्यात ८ मिलिमीटर जागा कमी आहे. काढायचे दोन दात म्हणजे सुळ्यामागची पहिली उपदाढ, दोन्ही बाजूंची. एकेक सुमारे ७ मिलिमीटर रुंद, म्हणजे १४ मिलिमीटर जागा मिळते. त्यातली ८ दाटी सोडवण्यात जाते, सुळा खाली उतरून ओळीत बसतो. उरलेली ६, म्हणजे दर बाजूला ३, पुढे आलेले दात आत घ्यायला वापरतात. रांगेत आणायला साधारण सहा महिने. मग फट मिटवायला महिन्याला १ मिलिमीटरच्या आसपास वेग, म्हणजे तीन-चार महिने, कधी पाच. वरचे-खालचे दात एकमेकांत नीट बसवायला आणि मुळं उभी करायला आणखी चार-सहा महिने. हे झाले सुमारे सव्वा ते दीड वर्ष, आणि हेही सगळं सुरळीत गेलं तर. त्याच्या पुढचे सहा महिने निघालेले ब्रॅकेट, चुकलेल्या तारखा आणि सुजलेल्या हिरड्या खातात. वेळ वाचवायचा असेल तर तो इथे वाचतो, आणि इथे तुम्ही दोघी पुष्कळ काही करू शकता.

फट मिटवताना एक रस्सीखेच असते. पुढचे सहा दात मागे ओढताना मागच्या दाढाही पुढे सरकू पाहतात. त्या जास्त पुढे आल्या तर जागा संपते आणि पुढचे दात बाहेरच राहतात. म्हणून डॉक्टर टाळूवरून जाणारी तार किंवा हाडात बसवायचा बारीक स्क्रू सुचवू शकतात. स्क्रूचं नाव ऐकून दचकू नका. तो जागा बधिर करून काही मिनिटांत बसतो, काम झाल्यावर काढतात. 'दाढा पुढे येऊ नयेत म्हणून काय करणार आहात?' हा प्रश्न मात्र जरूर विचारा.

दात काढल्याने डोळे जात नाहीत. सासूबाईंची भीती घरोघरी असते, त्यामुळे त्यांना हे शांतपणे सांगा: दृष्टीची नस डोळ्याच्या मागून थेट मेंदूकडे जाते, वरच्या दातांना संवेदना पुरवणारी नस वेगळीच, गालाच्या बाजूची. दात काढायला जी जागा बधिर करतात तीही दाताभोवतीचीच. एका वेळी एका बाजूचे, वरचा-खालचा असे दोन दात आणि आठवड्याने दुसऱ्या बाजूचे, अशी सोय डॉक्टरांकडे मागता येते, म्हणजे जेवायला एक बाजू मोकळी राहते. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, २४ तास चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. रक्ताची गुठळी निसटली की दुखणं वाढतं.

आणि हो, चांगले दात काढायची हळहळ अगदी रास्त आहे. ४ मिलिमीटरपर्यंतच्या दाटीत सहसा दात काढावे लागत नाहीत. ८ ला, तेही पुढचे दात बाहेर असताना, न काढता सगळे दात रांगेत कोंबले तर ते आणखी पुढे येतात, ओठ मिटत नाहीत आणि हिरडी पातळ होते. मन साशंक असेल तर ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकत्र एक्स-रे), चेहऱ्याचा बाजूचा एक्स-रे, साचे आणि फोटो घेऊन दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. नुसता दंतवैद्य नव्हे, या विषयात एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेला हवा. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी विचारायला संकोचू नका.

खर्चाचं जमत नसेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. भांडुपहून सीएसएमटीला सरळ गाडी आहे, नायरला दादरला उतरून पश्चिम मार्गाची गाडी धरावी लागते. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, काम नीट होतं, पण रांग असते आणि शाळेचा दिवस जातो. त्यांचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा, म्हणून सुरुवातीलाच विचारा की हा विद्यार्थी मधेच पास होऊन गेला तर केस कोणाकडे जाईल. खाजगी दवाखाना निवडलात तर घराजवळचा किंवा स्टेशनजवळचा निवडा. १६ ते २६ फेऱ्या होणार आहेत. पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या संध्याकाळी लांबची तारीख हमखास चुकते. पैशांचं लेखी घ्या: एकूण किती, हप्ते कसे, निघालेल्या ब्रॅकेटचे वेगळे लागतात का, शेवटचा रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) त्यात धरलाय का.

दुखणं पहिल्या दोन-चार तासांत सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्यात निवतं. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेन गटातली गोळी सारखी देत राहू नका, कारण ती जी रासायनिक द्रव्यं अडवते तीच हाडातल्या बदलाला लागतात. गार पाणी, गार ताक यानेही बरं वाटतं. पहिल्या आठवड्यात खिमट, मऊ भात, घावन, बोंबलाचं कालवण, पोळी दुधात कुस्करून. शुक्रवारी तार बदलून शनिवार-रविवार हाताशी ठेवलेला बरा.

ब्रॅकेट निघतो तो बहुतेक वेळा खाण्यानेच, आणि मुंबईतल्या मुलांच्या बाबतीत शाळेबाहेरच्या गाड्यांवर. तिखट-मीठ लावलेली कैरी आणि पेरू, मक्याचं कणीस, बर्फाचा गोळा कडाकडा चावणं, बोरं, चिक्की. सगळं सोडायला लावलंत तर ती चोरून खाईल. पेरू-सफरचंदाच्या पातळ फोडी करून दाढेने खा, कणसाचे दाणे काढून खा, वडापाव तोडून छोट्या घासांत खा, एवढं पुरतं. चिक्की, फुटाणे, उसाची कांडी, चॉकलेटच्या चिकट गोळ्या आणि बर्फ मात्र दोन वर्षं बंद. दिवाळीत चकली आणि कडक कडबोळी जपून. पेनचं टोपण चावायची सवय असेल तर तीही मोडा. हळदीने पांढरी आणि पारदर्शक कडी दोन दिवसांत पिवळी पडतात, तिला करडा, निळा किंवा गडद रंग घेऊ द्या.

ब्रशच्या बाबतीत माझं मत कडक आहे. ब्रॅकेटभोवती अन्न साचून राहिलं तर महिन्याभरातही दातावर खडूसारखे पांढरे डाग पडू शकतात. ती कीड लागण्याची सुरुवात असते आणि तारा काढल्यावर ब्रॅकेटचा चौकोन दातावर कायमचा उमटून राहतो. वाकडे पण निरोगी दात त्यापेक्षा बरे. सकाळी आणि रात्री तीन-चार मिनिटं, ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून खाली तिरका, मग खालून वर, मग तारेच्या मागे छोटा बाटलीसाफ करायच्या ब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश. पेस्ट फ्लोराइडची, १००० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड असलेली. शाळेत डब्यानंतर ब्रश जमत नसेल तर दोनदा खळखळून चूळ भरायची. हिरडी सुजून ब्रॅकेटवर चढू लागली तर दात सरकायचे मंदावतात, कारण फट मिटताना सुजलेली हिरडी मधे अडते. रक्त येतं म्हणून ब्रश थांबवू नका, साफ न झाल्यामुळेच रक्त येतं.

पुढे जेव्हा वरून खाली लावायची रबरं देतील, तेव्हा ती डॉक्टर सांगतील तितके तास, बहुधा २० ते २२, लावायची आणि रोज बदलायची. निम्मे तास लावून निम्मं काम होत नाही. दिवसातले बरेच तास सलग दाब मिळाल्याशिवाय हाड प्रतिसादच देत नाही. आणि राहून गेली म्हणून दोन-दोन एकदम लावायची नाहीत, त्याचं कारण तुम्हाला आता ठाऊक आहे.

तारेचं टोक गालाला टोचलं तर पेन्सिलच्या रबराच्या टोकाने आत दाबा किंवा दवाखान्यातून मिळालेलं मेण वाटाण्याएवढं घेऊन, ती जागा कोरडी करून लावा. मिठाच्या कोमट पाण्याची चूळ पुरेशी. ब्रॅकेट निघून तारेवर लोंबकळत असेल तर ओढू नका, फोन करून दोन-चार दिवसांत जा. गिळला गेला तर सहसा शौचावाटे निघून जातो, पण गिळल्यावर खोकला किंवा धाप लागली तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. नकली दागिन्यांनी तिच्या कानाला खाज सुटत असेल तर ते आधीच सांगा, तारेत निकेल असतं.

दहावीचं म्हणाल तर आता सुरुवात केलीत तर बोर्डाच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत मुख्य काम उरकलेलं असेल, कदाचित शेवटची जुळणी बाकी असेल. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात नवी जाड तार घालू नका असं डॉक्टरांना सांगा, ते ऐकतात. अभ्यासासाठी म्हणून तीन महिने तारखा सोडल्या, तर त्या काळात निसटलेली एखादी तार दात चुकीकडे नेऊ शकते.

तारा निघाल्या त्या दिवशीच रिटेनर लागतो. हाडाजवळचे तंतू नव्या जागी रुळायला तीन-चार महिने घेतात, हिरडीतले लवचीक तंतू वर्षभर आणि त्याहूनही जास्त. तोवर ते पिळलेल्या दोरीसारखे दाताला जुन्या जागेकडे खेचत असतात. दातांच्या आतून चिकटवलेली बारीक तार किंवा काढता-घालता येणारा रिटेनर, जो मिळेल तो सुरुवातीला जवळजवळ दिवसरात्र, मग रात्री, कित्येक वर्षं. काढता येणारा रिटेनर जेवताना काढून टिशूत गुंडाळला की तो ताटाबरोबर कचऱ्यात जातो, म्हणून डबी दप्तरात ठेवायची सवय आत्तापासून लावा. धुवायचा गार पाण्याने. उकळत्या पाण्यात टाकला की तो आकार सोडतो आणि नवा करावा लागतो.